चालत्या घराचं आढं

"वाक गं गोदे, चौकट लागंल."

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजूनही कुठल्या दारातून आत शिरायचं म्हटलं की आधी हा आवाज कानात येतो आणि मग पाय उंबरा ओलांडतो. माहेरचं आमचं घर ठेंगणं, आणि मी शेवग्याच्या शेंगेसारखी वाढलेली. कपाळावर डावीकडं एक व्रण आहे, तो त्या चौकटीनं दिलेला. आई चुलीपुढून मान न वळवता, नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायची. पुढं पुढं तर एवढंच म्हणायची, "वाक." मग मला सवयच लागली. विहिरीवर बायकांत उभी राहिले तरी वाकून, कुणाच्या लग्नात अक्षता टाकल्या तरी वाकून. बघायला येणारे पाहुणे चहा पिऊन जायचे आणि निरोप यायचा, मुलगी चांगली आहे, पण.

त्या 'पण'ला न जुमानता एकाच घरानं मला करून घेतलं. आणि त्या घराला चाकं होती.

सासरची माणसं जत्रांची. आकाशपाळणा त्यांचा. दिवाळी सरली की निघायचं, ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावोगाव. एका गावची जत्रा उठली की पाळणा सुटा करून ट्रकवर चढवायचा आणि घर ट्रॅक्टरला जोडायचं. घर म्हणजे जुन्या उसाच्या ट्रॉलीवर चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाईप, भोवती पत्रे, वर पत्रे, मागच्या बाजूला दार आणि दाराला लावायची एक सुटी शिडी. आत चूल, कॉट, ट्रंका, देवाची फळी. त्यात आम्ही चौघं: सासरे, ज्यांना सगळी जत्रा तात्या म्हणायची, सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, माझे यजमान सुबराव आणि मी. तिघंही बुटके. लग्नात बाशिंग बांधूनसुद्धा सुबराव माझ्या कानाला लागत होते.

जत्रेतल्या बाकीच्या पाळणेवाल्यांचीही अशीच चालती घरं होती, पण ती बसकी. आमचं तेवढं उंच. इतकं, की दुसरे लोक त्याला तात्याचा जिराफ म्हणायचे. कुणी विचारलं, तात्या, एवढं उंच कशाला, तर तात्या सांगायचे, "उनाचा पत्रा डोक्यापासनं लांब असल्याला बरा."

उन्हाचं ठीक होतं. पण त्या उंचीपायी आमचा रस्ता जगावेगळा व्हायचा. ट्रक तासाभरात पोचायचा तिथं आमचं घर दुपार कलल्यावर. कारण खालच्या रस्त्याशी आमचं काही देणंघेणं नसायचं, आमचा रस्ता वरचा. कुठं चिंचेची फांदी खाली आलीय, कुठं विजेची तार सैल पडलीय, कुठल्या गावची वेस ठेंगणी. ते बघायला एक माणूस ट्रॅक्टरच्या पुढं चालायचं. आणि ते माणूस म्हणजे मी.

माझ्या हातात वेळूची काठी असायची. घराच्या छपरापेक्षा चार बोटं उंच, आणि शेंड्याला बैलाच्या चाळातलं एक घुंगरू बांधलेलं. काठी ताठ धरून चालायचं. घुंगरू गप्प, तर वाट मोकळी. घुंगरू वाजलं की वर काहीतरी लागलं, हात वर करायचा, सुबराव ब्रेक मारायचे. त्या काठीला घरात 'शिपाई' म्हणायचे. मी सासरी आले तेव्हा काठी नवीकोरी होती, तिची साल अजून हिरवट होती. आत्तीनं कधी ती धरली नव्हती. मी मनात म्हणायची, बरोबर आहे, सून आली म्हणून काठी आली.

तात्यांची आणखी एक रीत होती. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरातली जुनी चाल. आत्ती जवळ असली की तिच्याकरवी सांगायचे, "सूनबाईला म्हणावं, भाकरी कडक झाल्यात, पण चांगल्या हायत." आत्ती नसली तर समोर जे दिसेल त्याला सांगायचे. कधी ट्रॅक्टरला, कधी किटलीला. "किटले, सूनबाईला सांग, साखर जरा कमी." मला हसू यायचं, पण पदर तोंडाला लावून मीही किटलीलाच उत्तर द्यायची, "बरं, म्हणावं." इतकी वर्षं आम्ही किटलीच्या मध्यस्थीनं संसार केला.

ज्या दिवसाचं सांगतेय तो चैत्रातला. एक जत्रा उठवून आम्ही निंबगावला निघालो होतो. पाळण्याचा ट्रक गडीमाणसं घेऊन सकाळीच पुढं गेला होता. निंबगावला देवळासमोरची जागा जो आधी पोचेल त्याची, म्हणून सुबरावांचा जीव वर-खाली. मी पुढं चालत होते. डांबर मऊ पडलं होतं, चपलेला चिकटत होतं. त्या हंगामात वर बघून बघून माझी मान अशी आखडली होती की रात्री उशीला डोकं टेकताना कण्हायची. लहानपणी खाली बघायला शिकवलं आणि लग्नानंतर वर बघायला लावलं, समोर सरळ बघायचं तेवढं राहूनच गेलं.

आत्ती घराच्या दारात पाय सोडून बसली होती. चाकांच्या लयीवर तिचं काहीबाही चालू असायचं. त्या दिवशी म्हणत होती,

"चालत्या घराला बाई, चाकाचं गं जोतं,
कुण्या गावच्या मातीशी त्याचं जडंना नातं."

निंबगावच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागायचं. रूळ ओलांडले की गाव दिसायचं. दरवर्षीचा रस्ता, वळण अन् वळण पाठ. म्हणून मी फाटकाच्या वळणावर काठी खांद्यावर टाकली आणि पदरानं तोंड पुसलं. वळण संपलं, आणि पुढं फाटकच नव्हतं.

रस्ता खाली उतरत गेला होता. रूळ वर, आणि खालून सिमेंटचा बोगदा. तोंडाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आडवी लोखंडी कमान. काठीला बांधलेलं घुंगरू वाजवून बघायची मला गरजच नव्हती, कमान नुसती बघूनच कळत होतं. तरी मी खाली उतरले, काठी ताठ केली. घुंगरू आडव्या पट्टीच्या वर जाऊन पलीकडं डोकावलं.

मी हात वर केला. ट्रॅक्टर थांबला.

बोगद्याच्या बाजूला करंजाच्या सावलीत एक चहाची टपरी होती. टपरीवाला मिशीवाला इसम, सर्जेराव नावाचा, कमरेवर हात ठेवून घराकडं बघत राहिला.

"पावणं, देवाचा रथ हाय का काय?"

"घर हाय," सुबराव खाली उतरत म्हणाले. "फाटक कुठं गेलं हो हितलं?"

"गेलं की पावसाळ्यात. आता आगीनगाडी वरनं, आपुन खालनं. कुणी कुणासाठी थांबायचं न्हाई."

"आन् उंच गाड्या?"

"त्या डोंगराकडनं. फेरा पडतो मोठा. पर तिकडं बी वस्त्या लई, आन् तारा बघा, वाळवणागत सोडल्यात. दोरीवर धुणं घालावं इतक्या खाली."

डोंगराकडचा रस्ता मला माहीत होता. एका साली गेलो होतो. पावलापावलाला घुंगरू वाजायचं. तार आली की सुबराव छपरावर चढणार, वाळक्या लाकडाच्या बेचक्यानं तार उचलून धरणार, तात्या इंच इंच ट्रॅक्टर पुढं घेणार आणि मी खालून ओरडत राहणार. दिवस मावळायच्या आत निम्मीसुद्धा वाट सरणार नव्हती.

मी काठी कमानीला टेकवून ठेवली आणि रस्त्याच्या कडेला धुळीतच बसले.

"अहो," मी म्हणाले, "मी डोंगराकडनं यायची न्हाई."

"मग काय करायचं? घर हितंच सोडायचं?"

"छप्पर कापा."

सुबराव माझ्याकडं बघत राहिले. मी उन्हानं भणाणले होते, पण बोलले ते शांतपणे. कितीतरी महिने ते तोंडात घोळवलं होतं. "हातभर कापा. सगळ्यांची घरं बसकी हायत, त्यांच्या बायका ट्रकात बसून जातात. मी एकटीच काठी घेऊन सगळ्या मुलखाच्या फांद्या मोजत हिंडती. आज छप्पर खाली येऊ दे, न्हाई तर समोर एस.टी.चा थांबा हाय, मी माहेरी जाती. काठी ठेवा, दुसरी बघा कुणीतरी धरायला."

"तात्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही."

"आधी हवा सोडून बघू," सुबराव म्हणाले. तो त्यांचा स्वभाव. निर्णय समोर आला की आधी हवा सोडून बघायची.

ट्रॉलीच्या चाकांतली हवा सोडली. टायर रिमला टेकायला आले, घर दमलेल्या म्हशीसारखं खाली बसलं. सर्जेराव चहाचा टोप सोडून पुढं झाला, "या, या, आजून या," करत मागं मागं चालला. ट्रॅक्टर कमानीशी आला, आणि करर् करून पत्र्याची कड लोखंडाला घासली. आत फळीवरचं भांडं पडल्याचा आवाज आला.

"बास," सर्जेराव म्हणाला. "रथ काय वाकत न्हाई. तळहातभर तरी आडतंय."

सुबरावांनी घर मागं घेतलं. मग तात्यांकडं गेले. तात्या करंजाखाली उकिडवे बसून तंबाखू मळत होते. मी लांबून बघत होते. सुबराव बोलत होते, हात छपराकडं करत होते, मग माझ्याकडं, मग एस.टी.च्या थांब्याकडं. मला वाटलं, आता तात्या उठतील, ओरडतील. तात्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, हात झटकले, आणि टपरीवाल्याला विचारलं,

"लोखंड कापायची आरी मिळंल का जवळपास?"

"माझ्या मेव्हण्याचं वेल्डिंगचं दुकान हाय वस्तीवर. आरी काय, माणूस बी मिळंल."

"सुबा, जा. घिऊन ये."

एवढंच. ना राग, ना एक शब्द जास्तीचा. मला उलट जड झालं. भांडायला कंबर बांधून यावं आणि समोरच्यानं दारच उघडून द्यावं, तसं.

सर्जेराव सुबरावांना सायकलवर मागं बसवून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वैनी, तवर टपरीकडं लक्ष ठेवा. दूध वर आलं तर तुमची काठी लावून बघा." मला हसू आलं नाही.

छप्पर खाली यायचं तर वरच्या फळ्या रिकाम्या करायला हव्यात, म्हणून मी घरात चढले. बाहेर भगभगतं ऊन आणि आत भट्टी. उंच पत्र्याचा काही उपयोग होतो हे तोवर मला कधी जाणवलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. मी हात वर करून एकेक वस्तू उतरवू लागले. पिठाचा डबा. सुपं. आत्तीच्या लुगड्याचं बोचकं. आत्ती खाली कॉटवर बसून एकेक हातात घेत होती आणि नेहमीसारखं गुणगुणत नव्हती.

"आत्ती, तुम्हाला वाईट वाटतंय व्हय?"

"मला काय वाटायचंय," ती म्हणाली. "माझं डोस्कं बसक्या घरात बी टेकत नव्हतं."

"बसक्या घरात? कवाच्या?"

तिनं बोचकं मांडीवर घेऊन त्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

तेवढ्यात शिडी वाजली. तात्या वर आले. हातात सर्जेरावच्या चुलीतला कोळसा. कुठं कापायचं त्याची खूण करायची होती. मी पदर सावरून कोपऱ्यातल्या पाईपाला टेकले. तात्या दुसऱ्या पाईपाशी गेले, त्यावरून बोटं फिरवली आणि एका ठिकाणी थांबले. तिथं लोखंडाला एक गाठ होती, जाडसर कड्यासारखी, वरून रंग दिलेली. चारही पाईपांना तशी गाठ होती. मी त्यातल्या एकीवर रोज टॉवेल अडकवायची, कधी ओल्या हातातल्या बांगड्या. ती कशाची, हे विचारायचं कधी मनातच आलं नव्हतं.

तात्यांनी त्या गाठीवर कोळशानं रेघ मारली. दुसऱ्या पाईपाला मारली. तिसऱ्याला मारली. चौथ्याशी मी उभी होते.

ते थांबले. शिडीकडं बघत म्हणाले, "शिडे, सूनबाईला म्हणावं, जरा बाजूला हो."

मी बाजूला होण्यासाठी मान वळवली, आणि ती गाठ अगदी माझ्या डोळ्यांसमोर आली. भुवईच्या रेषेत. व्रणाच्या थोडी खाली. वरचा पाईप आणि खालचा पाईप वेगवेगळे होते. खालचा जुना, गंजून खडबडीत, वरचा गुळगुळीत. मी छपराकडं बघितलं, परत गाठीकडं बघितलं. तिथं छप्पर असतं तर मी या घरात कशी उभी राहिले असते, हे माझ्या पाठीलाच आधी कळलं. ती आपोआप वाकली.

"हा जोड कसला?" मी विचारलं. कुणाला, ते माझं मलाही कळलं नाही. शिडीला असेल.

बाहेर वरच्या रुळावरून मालगाडी चालली होती. डबा डबा मोजावा अशी संथ. ती जाईपर्यंत पत्रे थरथरत होते.

"सांगा की आता," आत्ती म्हणाली. "का शिडीलाच सांगायला लावणार?"

तात्यांनी कोळसा फळीवर ठेवला. काळे हात धोतराला पुसले. मग माझ्याकडं तोंड वळवलं. मला आठवतं तसं ते पहिल्यांदाच. त्यांचे डोळे घाऱ्या रंगाचे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"तुला बघायला आलो तवा," ते म्हणाले, आणि आवाज असा की बरेच दिवस न वापरलेलं कुलूप उघडावं, "तू च्याचं ताट घिऊन चौकटीत आलीस. आतनं तुझी आई म्हणाली, वाक. तू वाकलीस. चौकट वलांडली, तरी वाकल्यालीच ऱ्हायलीस. च्या दिलास, पाया पडलीस, आत गेलीस. तुझी मान काय वर आली न्हाई."

ते थांबले. आत्तीनं मान हलवली, पुढं बोला म्हणून.

"तवा आपलं घर हितवर व्हतं. ह्या जोडापतूर. वाटंनं मी हिला म्हनलं, पोरगी करायची, पर आपल्या घरात बी ती अशीच जल्मभर वाकून ऱ्हाणार. मला ते गिळंना. म्हणून लगीन पुढं ढकललं आन् पाईप वाढवलं. लोकांनी इचारलं, उनाचं सांगितलं. सुबाला बी त्येच सांगितलं. सुनंपायी छप्पर वर न्हेलं म्हनलं असतं, तर जत्रंतल्या बायकांनी तुलाच जिराफ म्हनलं असतं."

मी त्या जोडावरून बोट फिरवलं.

"वरच्या तारा, फांद्या, त्ये काय तवा ध्यानात आलं न्हाई. पहिल्याच वाटंला बाभळीनं पत्रा फाडला, मग काठी करावी लागली. आन् ती नेमकी तुझ्याच हातात आली. वाकायला नको म्हणून केलं, आन् तेच्यापायीच तुला उनातानात हिंडवली. रोज फुडं चालताना दिसायचीस. रोज म्हनायचो, आज बोलू. पर आमच्यात सुनंशी बोलत्यात कुठं." त्यांनी फळीवरचा कोळसा परत हातात घेतला. "तू म्हनशील तर कापतो. आता कापतो. फकस्त म्या केलं कशापायी, ते तुला ठाऊक असू दे, पोरी."

बाहेर सायकलची घंटी वाजली. सुबरावांचा आवाज आला, "तात्या, आरी आणली."

मी सरळ उभी राहिले. डोक्यावर अजून हातभर जागा होती. पदर तोंडाला न लावता, शिडीला नाही, किटलीला नाही, त्यांना म्हणाले,

"तात्या, कमानीशी काठी ठेवलीय माझी. तेवढी द्या, आन् ह्यांना म्हणावं, टायरात हवा भरा."